रंगहीनांचे वर्णलेखन

'वर्णलेखन' ही संज्ञा प्रथमच वाचणाऱ्या मराठी वाचकाच्या मनात लिपीचा विचार यावा, हे स्वाभाविक आहे. संस्कृतात आणि मराठीत वर्ण म्हणजे रंग, तद्वत् वर्ण म्हणजे उच्चाराचा मूळ घटक आणि त्याचे चिन्ह असलेले अक्षर. ज्या ग्रीक शब्दाचे हे भाषांतर, त्या शब्दात मात्र ही द्व्यर्थता नाही. 'क्रोमा' म्हणजे रंग आणि 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. तथापि या तंत्राचा पुढील शतकभराचा इतिहास पाहू गेल्यास मराठी संज्ञेतील दुसरा, अनाहूत अर्थच अधिक यथार्थ ठरला असे म्हणावे लागते. कारण ज्या पदार्थांसाठी हे तंत्र आज राबविले जाते त्यांपैकी प्रथिने बहुतांशी रंगहीन असतात. त्यांच्या बाबतीत रंग दिसत नाही, दिसते ती कागदावर किंवा पडद्यावर उमटलेली रेघ. आणि ती रेघ वाचावी लागते. वाचनात चूक झाली तर तिचे परिणाम केवळ प्रयोगशाळेपुरते राहत नाहीत, हेही या इतिहासाने दाखवून दिले आहे.

या तंत्राचा जनक मिखाइल त्स्वेत हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याचा जन्म १८७२ साली इटलीतील आस्ती या गावी झाला. वडील रशियन, आई इटालियन. जिनीव्हा येथे १८९६ साली त्याने डॉक्टरेट मिळविली, परंतु परदेशी पदवी रशियात ग्राह्य मानली जात नसल्यामुळे त्याला कझान येथे पुन्हा पदवीसाठी बसावे लागले. पुढे तो त्या काळी रशियन साम्राज्यात असलेल्या वॉर्सा नगरीत काम करू लागला. तेथील निसर्गशास्त्रज्ञांच्या मंडळापुढे १९०३ च्या मार्च महिन्यात त्याने आपल्या पद्धतीवर पहिले व्याख्यान दिले, आणि १९०६ साली जर्मन वनस्पतिशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या लेखांत तिला तिचे आजचे नाव दिले. पद्धत दिसावयास अत्यंत साधी होती. काचेच्या नळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटाची, बारीक पूड दाबून भरावयाची. तिच्यावर पानांच्या अर्काचा विद्राव ओतावयाचा आणि वरून शुद्ध विद्रावक सोडीत राहावयाचे. अर्कातील प्रत्येक रंगद्रव्य खडूला कमीअधिक घट्टपणे चिकटते. जे सैल चिकटते ते लवकर खाली सरकते, जे घट्ट चिकटते ते मागे रेंगाळते. परिणामी हिरव्या आणि पिवळ्या रंगांचे निरनिराळे पट्टे नळीत एकाखाली एक उभे राहतात. प्रकाशाच्या वर्णपटात जसे किरण वेगळे होतात तसे, ही उपमा त्स्वेतने स्वतःच योजली होती.

रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचाच अर्थ रंग असा आहे. त्यामुळे 'रंगलेखन' या नावात संशोधकाने आपलेच नाव गुंफले की काय, याविषयी बरेच तर्क केले गेले आहेत. ते खरे असोत वा नसोत, त्या नावाने एक घोटाळा मात्र निश्चित केला. हे तंत्र रंगीत द्रव्यांपुरतेच आहे, असा समज नावामुळे रूढ झाला. वस्तुतः १९०६ च्या लेखातच त्स्वेतने स्पष्ट केले होते की, हे नियम रंगीत तसेच रंगहीन अशा सर्व प्रकारच्या संयुगांना लागू पडतात. नावाने सांगितलेली मर्यादा नाव देणाऱ्यालाच मान्य नव्हती, असा हा विलक्षण प्रसंग होय.

त्स्वेतच्या हयातीत त्याच्या पद्धतीचे चीज झाले नाही. हरितद्रव्याच्या क्षेत्रातील तत्कालीन अधिकारी पुरुष रिखार्ड व्हिल्श्टेटर याला अशी शंका होती की, खडूसारख्या पदार्थाच्या संपर्काने मूळ द्रव्येच पालटत असावीत. शंका अगदीच निराधार नव्हती. काही अधिशोषकांच्या बाबतीत तसे घडतेही. पहिल्या महायुद्धात वॉर्सा सोडावे लागल्यावर त्स्वेत स्थलांतरांच्या फेऱ्यात सापडला आणि १९१९ साली व्होरोनेझ येथे मरण पावला. त्याच्या पद्धतीला पुनरुज्जीवन लाभले ते १९३१ साली, हायडेलबर्ग येथे रिखार्ड कून, एडगर लेडरर आणि त्यांचे सहकारी यांनी गाजरातील व पानांतील पिवळी द्रव्ये तिच्या साहाय्याने वेगळी केली तेव्हा. येथेही द्रव्ये रंगीतच होती, हे ध्यानी घेतले पाहिजे.

रंगहीन द्रव्यांचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो लोकरीच्या निमित्ताने. इंग्लंडमध्ये लीड्स येथील लोकर-उद्योगाच्या संशोधनसंस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे लोकरीच्या प्रथिनातील ॲमिनो अम्ले वेगळी करण्याच्या खटपटीत होते. त्यांनी १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत सिलिका जेलच्या कणांनी पाणी धरून ठेवलेले असे आणि त्यांच्यामधून दुसरा विद्रावक वाहत असे. द्रव्ये या दोहोंत आपापल्या प्रवृत्तीनुसार वाटली जात. पण ॲमिनो अम्लांपासून बनविलेली ती द्रव्ये डोळ्यांना दिसावी कशी? त्यासाठी त्यांनी स्तंभातच मिथिल ऑरेंज हा दर्शक मिसळला. जेथे अम्ल असेल तेथे तो लाल होई. तीन वर्षांनी, १९४४ साली, मार्टिनने कॉन्सडेन व गॉर्डन यांच्यासह हीच क्रिया गाळणकागदावर करून दाखविली. तेथे कागदावर निनहायड्रिनचा फवारा मारून तो तापविला की ॲमिनो अम्लांचे जांभळे डाग उमटत. मार्टिन व सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगरने या कागदी पद्धतीचा भरपूर उपयोग करून इन्शुलिनमधील ॲमिनो अम्लांचा क्रम १९५५ पर्यंत पूर्णपणे लावला.

आता या क्षणी तंत्राच्या स्वरूपात एक मूलगामी बदल झाला होता. त्स्वेतच्या नळीत वेगळे होणे आणि दिसणे या एकच घटना होत्या. मार्टिन आणि सिंज यांच्या हाती त्या दोन झाल्या. आधी द्रव्ये वेगळी करावयाची आणि नंतर, निराळ्या युक्तीने, ती कोठे आहेत हे ओळखावयाचे. या दुसऱ्या कामासाठी जे उपकरण लागते त्याला मराठीत 'अभिज्ञातक' असा शब्द बनविण्यात आला आहे. शब्द समर्पक आहे. अभिज्ञान म्हणजे ओळख पटविणारी खूण. शकुंतलेची ओळख अंगठीवरून पटली, तिच्या मुखावरून नव्हे. अभिज्ञातकही द्रव्य पाहत नाही, तर द्रव्याची एखादी खूण पाहतो, आणि ती खूण कोणती यावर पुढचे सर्व अवलंबून असते.

खुणांचा हा शोध स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात सर्वांत चिकाटीने झाला. आर्ने टिसेलियस याने १९४० च्या सुमारास स्तंभातून बाहेर पडणाऱ्या द्रवाच्या वक्रीभवनांकाकडे लक्ष दिले. द्रवात काही विरघळलेले असेल तर त्यातून जाणारा प्रकाश किंचित अधिक वळतो. तेव्हा द्रव्य रंगीत असण्याची गरजच उरली नाही. दुसरी खूण जंबुपार किरणांची. ट्रिप्टोफेन आणि टायरोसीन ही दोन ॲमिनो अम्ले २८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण शोषून घेतात, आणि ही अम्ले बहुतेक प्रथिनांत असतात. मानवी डोळ्याला नितळ दिसणारा प्रथिनाचा विद्राव या किरणांत पाहिला तर सावली पडते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत स्टॅनफर्ड मूर व विल्यम स्टाइन यांनी १९५८ साली स्पॅकमनच्या साहाय्याने ॲमिनो अम्लांचे विश्लेषण स्वयंचलित केले, तेव्हा कागदाच्या पट्टीवर लेखणीने ओळीने शिखरे काढीत जाणारे यंत्र प्रत्यक्षात आले. येथून पुढे 'लेखन' हा शब्द अक्षरशः खरा झाला आणि 'वर्ण' हा शब्द केवळ व्युत्पत्तीपुरता उरला.

या सर्व पद्धती प्रथिनाचे तुकडे करून ते तुकडे ओळखण्याच्या होत्या. अखंड प्रथिनाचा आकार किती, ते एकटे आहे की दुकटे, की त्याच्या अनेक रेणूंची गाठ पडली आहे, हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. त्याचा पूर्वेतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे, कारण 'समुच्चय' या कल्पनेने या इतिहासात दोनदा, आणि दोन परस्परविरुद्ध भूमिकांत, प्रवेश केला आहे.

'प्रोटीन' हे नाव बर्झेलियसने १८३८ साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात सुचविले. ग्रीकमध्ये त्याचा आशय अग्रस्थानी असलेले असा आहे. ('प्रथिन' हा आपला शब्द ध्वनीने मुळाशी जुळतो आणि 'प्रथम'चे स्मरण करून देतो, ग्रीक 'प्रोतॉस' आणि संस्कृत 'प्रथम' या दोहोंच्या बुडाशी 'पुढे' या अर्थाचे एकच प्राचीन अंग असल्यामुळे हे साम्य निव्वळ योगायोगाचे नाही.) मुल्डरची अशी समजूत होती की, अंड्याचा बलक, दुधातील छाना, रक्त या सर्वांत एकच मूलद्रव्यवत् घटक आहे. ती समजूत लवकरच मागे पडली; नाव राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी दुसरे मत प्रबळ झाले. प्रथिने हे खरे रेणूच नव्हेत, लहान लहान रेणूंचे ते सैल पुंज आहेत, कलिले आहेत, आणि म्हणून त्यांना निश्चित आकार किंवा निश्चित भार असण्याचे कारण नाही, असे अनेक नामवंत मानीत. म्हणजे समुच्चय हीच तेव्हा प्रथिनाची व्याख्या होती.

हे मत ज्याने मोडले तो स्वतः कलिलांचाच अभ्यासक होता. उप्सालाच्या थेओडोर स्वेडबेरीने अतिकेंद्रोत्सारक, म्हणजे विद्रावाला प्रचंड वेगाने गरगर फिरवून त्यातील कण खाली बसविणारे आणि बसताना त्यांचे निरीक्षण करू देणारे यंत्र, १९२४ च्या सुमारास सिद्ध केले. रॉबिन फोरेउस या सहकाऱ्याच्या सूचनेवरून त्याने त्यात रक्तातील हीमोग्लोबिन ठेवले. कलिल असते तर लहानमोठे कण निरनिराळ्या गतीने खाली गेले असते. तसे झाले नाही. सर्व कण एकाच भाराचे निघाले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये गिल्बर्ट ॲडेर याने तर्षणदाबावरून हीमोग्लोबिनचा रेणुभार सुमारे ६७,००० ठरविला होता. लोहाच्या प्रमाणावरून निघणाऱ्या किमान भाराची ती बरोबर चौपट होती. म्हणजे रेणू निश्चित होता, पण चार घटकांचा संघटित रेणू होता. सैल पुंजाची कल्पना गेली आणि तिच्या जागी मोजक्या घटकांची नेमकी बांधणी आली. स्वेडबेरीला १९२६ चे नोबेल मिळाले. प्रथिन म्हणजे समुच्चय नव्हे हे ठरल्यावरच प्रथिनाचा समुच्चय होणे हा दोष आहे, असे म्हणण्याची सोय झाली.

त्या दोषाचे गांभीर्य लक्षात आले ते औषधांमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत एडविन कोन याच्या पद्धतीने मानवी रक्तद्रवातील प्रथिने मद्यार्काच्या साहाय्याने वेगळी केली जाऊ लागली. त्यांत प्रतिपिंडे ज्यात असतात तो गॅमा ग्लोब्युलिन हा अंशही होता. ज्यांच्या शरीरात तो तयारच होत नाही अशा रोग्यांना तो टोचून देण्याचा उपचार १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन याने सुरू केला. परंतु हे द्रव्य स्नायूत किंवा त्वचेखाली टोचावे लागे. शिरेतून दिले की रोग्याला धाप, थंडी, रक्तदाब कोसळणे अशा भयंकर प्रतिक्रिया होत. स्वित्झर्लंडमध्ये बारांदून आणि त्याचे सहकारी यांनी १९६२ साली दाखविले की, दोष गॅमा ग्लोब्युलिनचा नाही, त्याच्या समुच्चयांचा आहे. शुद्धीकरणाच्या ओघात काही रेणू एकमेकांना चिकटत आणि हे चिकटलेले पुंज शरीरातील पूरक-संहतीला, जणू शत्रूच आला असे समजून, जागे करीत. त्याच वर्षी ड्रेसरने उंदरांवरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट उघड केली. गाईचे गॅमा ग्लोब्युलिन समुच्चयांसह टोचले तर उंदीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात. तेच द्रव्य फिरवून समुच्चय काढून टाकून टोचले तर ते त्याला मुकाट्याने आपले मानतात. रासायनिक दृष्ट्या द्रव्य एकच, क्रम तोच, घटक तेच. आणि शरीराने दिलेली उत्तरे दोन.

याच्या थोडे आधी समुच्चय वेगळे करण्याचे एक सुलभ साधन निर्माण झाले होते. लंडनमधील एका प्रसूतिरुग्णालयात लेथ व रुथवेन यांनी १९५५ व १९५६ साली फुगविलेल्या पिठूळ स्टार्चचा स्तंभ वापरून रेणूंना आकारानुसार वेगळे केले. उप्सालात येर्कर पोराट आणि पेर फ्लोडिन यांनी १९५९ साली डेक्स्ट्रान या शर्करेच्या साखळ्या एकमेकींत बांधून मण्यांसारखे कण बनविले. 'सेफाडेक्स' या नावाने ते बाजारात आले; वेगळे करणे, कारखान्याचे नाव आणि डेक्स्ट्रान या तिघांची ती संधी आहे. या मण्यांना सूक्ष्म छिद्रे असतात. लहान रेणू प्रत्येक छिद्रात शिरून वेळ घालवितात, मोठे रेणू शिरू न शकल्यामुळे मण्यांमधल्या मोकळ्या वाटेने झपाट्याने बाहेर पडतात. चाळणीच्या अनुभवाशी हे अगदी विसंगत आहे, कारण येथे मोठे आधी आणि लहान मागून येतात. समुच्चय सर्वांत आधी. गॅमा ग्लोब्युलिनचा विद्राव अशा स्तंभातून सोडला की मुख्य शिखराच्या आधी एक बुटके शिखर दिसते. तोच दोष, उघड्यावर आलेला.

येथपर्यंत वाचन सोपे वाटते. अडचण पुढे आहे. बाहेर पडण्याच्या वेळेवरून भार कसा काढावयाचा? पी. अँड्र्यूज याने १९६४ साली त्याची रीत घालून दिली. ज्यांचे रेणुभार ठाऊक आहेत अशी काही प्रथिने आधी सोडावयाची, त्यांच्या वेळांचा आलेख काढावयाचा आणि अज्ञात प्रथिनाची वेळ त्यावर बसवावयाची. ही रीत इतकी स्वस्त व सोयीची होती की ती सर्वत्र पसरली. पण मण्याच्या छिद्रात रेणू शिरेल की नाही हे त्याच्या भारावर अवलंबून नसते, त्याने व्यापलेल्या जागेवर असते. लुईस सीगल व केनेथ मॉन्टी यांनी १९६६ साली ही गोष्ट निःसंदिग्धपणे मांडली. गोळीसारखे आटोपशीर प्रथिन आणि तितक्याच भाराचे लांबट किंवा शर्करायुक्त प्रथिन एकाच वेळी बाहेर पडत नाहीत. एरिथ्रोपोएटीन या संप्रेरकाचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. त्यातील प्रथिनाचा भाग सुमारे १८,००० रेणुभाराचा, शर्करांसह एकूण भार सुमारे ३०,०००. पण शर्करांच्या फांद्यांनी व्यापलेल्या अवकाशामुळे ते स्तंभातून जवळजवळ ६०,००० भाराच्या प्रथिनाच्या वेळी बाहेर येते. केवळ वेळ पाहणारा संशोधक एकट्या रेणूला जोडी समजून बसेल. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला ही चूक परिचित वाटावी. दोन भाषांतील दोन शब्द ध्वनीने सारखे दिसले म्हणून ते सगोत्र मानण्यासारखीच ती आहे. स्थान हे चिन्ह आहे, ओळख नव्हे.

ओळखीसाठी लागणारी दुसरी खूण प्रकाशशास्त्रात बराच काळ तयार पडून होती. धुळीच्या कणांवरून प्रकाश विखुरतो हे टिंडलने १८६९ साली दाखविले आणि रेलीने १८७१ मध्ये त्याचे गणित मांडले. द्रवपदार्थांतही रेणूंच्या घनतेतील क्षणोक्षणीच्या चढउतारांमुळे प्रकाश विखुरतो, हे स्मोलुखोव्स्की (१९०८) व आइन्स्टाइन (१९१०) यांनी सिद्ध केले. आपल्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांचा या विषयावरील प्रबंध कलकत्ता विद्यापीठाने १९२२ साली प्रसिद्ध केला. सहा वर्षांनी त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम सापडला तो याच वाटेवर. प्रथिनांच्या विद्रावांतील प्रकीर्णन बेल्जियममध्ये पुत्झेइस व ब्रोस्तो यांनी १९३५ साली मोजले होते. परंतु त्यावरून रेणुभार थेट काढण्याचे सूत्र दिले ते पीटर डिबाय याने १९४४ साली, कृत्रिम रबराच्या युद्धकालीन संशोधनाच्या ओघात.

सूत्राचा गाभा शब्दांत सांगता येतो. विद्रावातून विखुरणारा प्रकाश हा द्रव्याची संहती आणि त्याचा रेणुभार यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. तेवढेच वजन मोठ्या रेणूंत बांधलेले असेल तर प्रकाश अधिक विखुरतो. समजा, एखाद्या विद्रावात शेकडा ९९ भाग सुटे रेणू आहेत आणि शेकडा १ भाग शंभर शंभर रेणूंच्या पुंजांत बांधला गेला आहे. जंबुपार अभिज्ञातकाला पुंजांचे शिखर शेकडा एकच दिसेल, कदाचित दिसणारही नाही. प्रकीर्णनाला मात्र एका भागाचे शंभरपट मोल येते. पुंजांचे शिखर सुट्या रेणूंच्या शिखराइतके उंच होते. ज्या दोषाचे वजन नगण्य त्याचाच आवाज सर्वांत मोठा, अशी ही व्यवस्था आहे. दुर्दैवाने हाच नियम धुळीलाही लागू पडतो. विद्रावात धुळीचा एखादा कण राहिला तरी सगळे मोजमाप बिघडे, आणि म्हणून डिबायची पद्धत कित्येक वर्षे निष्णात हातांपुरतीच राहिली.

प्रकीर्णन आणि स्तंभ यांची सांगड घातली गेल्यावर ही अडचण पुष्कळशी निवारली, कारण स्तंभ स्वतःच गाळणीचे काम करतो आणि प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळी, एकटे, प्रकाशासमोर येते. लेसर १९६० मध्ये अवतरले होते. औआनो व के यांनी १९७४ साली लेसरचा लघुकोनी प्रकीर्णन-अभिज्ञातक स्तंभाच्या तोंडाशी बसविला, तो मुख्यतः कृत्रिम बहुवारिकांसाठी. प्रथिनांच्या बाबतीत ओसाका येथील ताकागी तोशिओ याने पुढील वर्षांत तो नेटाने वापरला; पेशीच्या पटलातील, साबणासारख्या द्रव्यांनी वेढलेल्या हट्टी प्रथिनांचे भार त्याने असेच काढले. एकाच वेळी अनेक कोनांतून विखुरलेला प्रकाश मोजणारी उपकरणे १९८० नंतर बाजारात आली. दहाएक नॅनोमीटरहून लहान त्रिज्येचे रेणू सर्व दिशांना सारखाच प्रकाश विखुरतात. मोठे पुंज तसे करीत नाहीत, आणि कोनागणिक पडणाऱ्या त्या फरकावरून त्यांचा विस्तारही कळतो.

वेन, अराकावा आणि फिलो यांच्या १९९६ च्या लेखात या सर्व खुणा एकत्र आलेल्या दिसतात. एकाच स्तंभामागे तीन अभिज्ञातक: जंबुपार शोषण, वक्रीभवनांक आणि प्रकीर्णन. वक्रीभवनांकात होणारी वाढ निव्वळ प्रथिनांसाठी जवळजवळ सारखी असते, दर मिलिलिटरला एक ग्रॅम प्रथिनामागे सुमारे ०.१८५, म्हणून तो वजन सांगतो. प्रकीर्णन वजन गुणिले भार सांगते. दोहोंच्या भागाकाराने भार हाती येतो आणि बाहेर पडण्याच्या वेळेची साक्ष लागतच नाही. जंबुपार शोषण प्रथिनात होते, त्याला जोडलेल्या शर्करेत होत नाही. तेव्हा तिन्ही खुणांच्या मेळाने शर्करायुक्त प्रथिनातील केवळ प्रथिनाचा भारही काढता येतो. एरिथ्रोपोएटीन येथे एकटे ठरते.

हे नुसते विद्वानांचे समाधान नव्हते. पिट्यूटरी ग्रंथीपासून मिळविलेल्या वृद्धिसंप्रेरकाच्या ज्या तयारींत समुच्चय अधिक, त्या घेणाऱ्या मुलांत प्रतिपिंडे अधिक काळ टिकून राहतात, असे मूर व लेपर्ट यांनी १९८० मध्ये दाखविले होते. पुढे १९९८ नंतर युरोपात मूत्रपिंडाच्या रोग्यांना दिल्या जाणाऱ्या एरिथ्रोपोएटीनच्या एका तयारीतून मानवी अल्ब्युमिन काढून टाकून त्याऐवजी पॉलिसॉर्बेट ८० घालण्यात आले. त्यानंतर काही रोग्यांच्या शरीराने औषधाविरुद्ध प्रतिपिंडे बनविली, आणि ती प्रतिपिंडे त्यांच्या स्वतःच्या, नैसर्गिक संप्रेरकालाही निष्प्रभ करू लागली. तांबड्या रक्तपेशींची निर्मितीच थांबली आणि रोगी रक्त चढविण्यावर अवलंबून राहिले. फ्रान्समधील निकोल कासादेवाल व सहकारी यांनी २००२ साली अशा तेरा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. कारणाविषयी मात्र एकमत झाले नाही. कोणी रबरी बुचातून झिरपलेल्या द्रव्यांकडे बोट दाखविले, कोणी पॉलिसॉर्बेटच्या सूक्ष्म पुंजांकडे. इतक्या थोड्या प्रमाणातील इतक्या फसव्या द्रव्याचा माग काढणे किती अवघड आहे, हे त्या मतभेदावरूनच दिसून येते.

त्रिविध खुणांच्या पद्धतीवरही निर्धास्त विसंबता येत नाही. स्तंभात शिरताना विद्राव विरळ होतो, आणि विरळ झाल्याने काही सैल समुच्चय सुटून जातात. ते कुपीत होते, पण लेखात उमटत नाहीत. उलट काही समुच्चय मण्यांनाच चिकटून बसतात किंवा स्तंभाच्या तोंडच्या जाळीत अडकतात. व्हिल्श्टेटरने त्स्वेतवर घेतलेला आक्षेप, की माध्यमच द्रव्य पालटीत असेल, शंभर वर्षांनी असा वेगळ्या वेषात परत आला. म्हणून काळजीपूर्वक काम करणाऱ्या प्रयोगशाळा स्तंभात किती वजन घातले आणि किती बाहेर आले याचा ताळेबंद ठेवतात, आणि जेथे तो जुळत नाही तेथे स्तंभाविना चालणाऱ्या पद्धतींकडे वळतात. त्यांपैकी एक कॅल्विन गिडिंग्ज याने १९६६ साली सुचविलेली; तीत पातळ, मोकळ्या वाहिनीतून द्रव वाहतो आणि आडवा प्रवाह लहानमोठ्यांना वेगळे करतो. दुसरी स्वेडबेरीची. अतिकेंद्रोत्सारक १९७० नंतर अडगळीत गेला होता. नव्या उपकरणांमुळे आणि पेटर शुक याने २००० साली प्रसिद्ध केलेल्या संगणकीय रीतीमुळे तो पुन्हा वापरात आला. एकाच नमुन्यातील समुच्चयांचे शेकडा प्रमाण या तीन मार्गांनी काढले तर तीन आकडे नेहमीच जुळतात असे नाही, आणि म्हणून अहवालात आकड्याशेजारी तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहिण्याची प्रथा पडली आहे.